न्यूझीलंडसाठी अनवाणी

आमच्या घरात न्यूझीलंड शिरलं ते फुलांमुळे. क्रिकेटचा त्यात तसा दोष कमी.

ज्यांनी फुलशेती केली नाही त्यांची समजूत असते की फुलं सकाळी तोडतात. सकाळी फुलं विकतात. तोडायची ती त्याआधी, अंधारात, बॅटरीच्या उजेडात, हातात कात्री आणि डोळ्यांत झोप घेऊन. मखमलाबादच्या शिवारात कालव्याखाली आमचा मळा होता. गुलाब बारा महिने, दसरा-दिवाळीला झेंडू, थंडीत शेवंती. पहाटे तीनला घर उठायचं. आई आणि वडील, म्हणजे आमचे नाना, तोडणीला जायचे. आत्या पडवीत बसून गुलाबांच्या जुड्या बांधायची. थोरला दादा आणि मी तिच्या हाताखाली असायचो, म्हणजे निम्मे झोपलेले असायचो. उजाडायच्या आत नाना माल मोपेडवर लादून गोदाकाठच्या फूलबाजारात पोचले पाहिजेत, नाहीतर रोजचं गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जायचं.

आत्या ही नानांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. नानांचा शब्द त्याच्या आधीचा असायचा आणि तो बहुतेक वाया जायचा.

ब्याण्णव साली विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. भारताच्या मॅच पहाटे असणार म्हणून नानांनी आतल्या खोलीतला टीव्ही उचलून पडवीत आणला. नाना कट्टर भारताचे. त्या वर्षी भारताने त्यांची फार निराशा केली. मॅच हातची जाऊ लागली की ते टीव्हीला चार शिव्या देत आणि बाजारात निघून जात. टीव्ही मात्र चालूच राही, कारण बंद करायला कुणाचे हात मोकळे नसत.

आत्याचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते खेळाकडे नाही, उन्हाकडे. आमच्याकडे बाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, आणि टीव्हीत माणसं टोप्या घालून, नाकाला पांढरं मलम फासून उन्हात उभी.

"हे कालचं दाखवत्यात का?" तिने विचारलं.

दादा तेव्हा नववीत होता. त्याने भूगोलाचं पुस्तक आणून नकाशात अगदी उजव्या कोपऱ्यात खाली, पानाच्या शिलाईपाशी, दोन बारीक ठिपके दाखवले. तिथे आपल्या आधी दिवस उगवतो, म्हणून सांगितलं. आत्याने जुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता ते ऐकून घेतलं.

"म्हंजे आपण उठतो तवा ते कामाला लागलेले असत्यात," ती म्हणाली.

तिच्या उभ्या आयुष्यात पहाटे तीन-चार वाजता जागं असणारं, आमच्या घराबाहेरचं, कुणीतरी तिला पहिल्यांदाच भेटत होतं. देवळाली कॅम्पातले सैनिक त्या वेळी उठतात असं ती ऐकून होती, पण ते काही पडवीत दिसत नव्हते.

दुसरं कारण कपड्यांचं. त्या वर्षी सगळे संघ रंगीत कपड्यांत खेळले. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. कोण निळा, कोण पिवळा, काही पत्ता लागायचा नाही. दादाने पेपरात वाचून सांगितलं की न्यूझीलंडचे कपडे खरोखरच करडे आहेत. म्हणजे सगळ्या स्पर्धेत आमच्या टीव्हीवर जसेच्या तसे दिसत होते ते फक्त तेच. आत्याला हे फार पटलं. जे लोक आपल्या टीव्हीत खोटे दिसत नाहीत त्यांच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही, असं तिचं मत झालं.

आणि ते जिंकत होते. एकामागून एक सगळ्यांना हरवत सुटले होते. ज्या मॅच टीव्हीवर दाखवत नसत त्यांचा निकाल नाना बाजारातून येताना पेपरात आणायचे आणि आत्याला सांगताना स्वतःच काहीतरी दिल्यासारखा चेहरा करायचे. ते उपांत्य फेरीत पोचले तेव्हा आत्या एका संध्याकाळी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून टेकडीवरच्या गावदेवीला गेली. परत आली ती चपला हातात घेऊन. त्या तिने दाराआड भिंतीला टेकवून ठेवल्या.

"काय गं आक्का?" नानांनी विचारलं.

"नवस बोलले. त्यांना कप मिळस्तवर पायात चप्पल घालायची नाय."

हे आमच्याकडे जगावेगळं नव्हतं. नवरात्रात निम्मं गाव अनवाणी असतं. नऊ दिवस झाले की सगळे गुपचूप चपलेत परत येतात. आत्याचा हिशोब साधा होता. उपांत्य फेरी एक, अंतिम एक, झालं. नवरात्रापेक्षा स्वस्तातला नवस होता.

उपांत्य फेरीत न्यूझीलंड पाकिस्तानकडून हरलं.

आत्या जुडी बांधत होती. तिने ती पुरी केली, दोरा तोडला आणि पुढची घेतली. नाना त्या दिवशी बाजारातून लवकर परतले. त्यांनी दाराआडच्या चपला उचलून तिच्यापुढे ठेवल्या.

"घाल आता. संपलं."

"कप मिळाला का?"

"अगं, हरले ते."

"मग संपलं कसं?"

नानांनी खूप समजावलं. पुढचा विश्वचषक चार वर्षांनी असतो हे सांगितलं. आत्याला ते ठाऊक नव्हतं. ते ऐकून तिने बोटांवर चार मोजले, हे मी पाहिलं. मग म्हणाली, "असूंदे. देवीला शब्द दिलाय, पावती नाय घेतली."

नानांनी शेवटचं हत्यार काढलं. "आपल्या गावच्या देवीचा नि न्यूझीलंडचा संबंध काय? तिला ठाव तरी हाय का ते कुठं हाय?"

"तिला सगळं ठाव असतं. तुलाच नव्हतं."

हे खरं होतं. नानांनी चपला परत दाराआड नेऊन ठेवल्या.

त्यानंतर आत्या अनवाणी राहिली. हे एका वाक्यात लिहिता येतं, पण आमचा मळा गुलाबाचा होता. छाटणी झाली की वाफ्यांत काटेच काटे पडतात. ते आम्ही दाताळ्याने ओढून काढायचो आणि तरी उरायचे. चैत्रात मखमलाबाद रोडचं डांबर पाघळायचं. थंडीत पडवीची फरशी बर्फासारखी व्हायची, त्यावर ती पहाटे पाय पोटाशी घेऊन बसायची. रात्री आई सुईने तिच्या टाचेतले काटे काढायची. तळवे इतके निबर झाले की एकदा सुई वाकली. आईने ती सरळ करून परत डब्यात ठेवली.

मला याची लाज वाटायची. शाळेत मुली विचारायच्या, तुझी आत्या चपला का घालत नाही? मी सांगायची, उष्णतेचा त्रास आहे.

पुढे केबल आली, रंगीत टीव्ही आला. मग न्यूझीलंडच्या घरच्या मॅच थंडीच्या दिवसांत पहाटे पहाटे दिसू लागल्या. अख्ख्या नाशकात त्या बघणारी आत्या एकटीच असावी. केबलवाल्याने एकदा नेमकं ते चॅनल बदलून पहाटे भजनं लावली. आत्या दिवस उजाडल्यावर त्याच्या घरी गेली आणि त्याच्या आईशी बोलून आली. भजनं पुन्हा लागली नाहीत.

ती मॅच बघत नसे, ऐकत असे. डोळे फुलांवर. इंग्रजी कळत नव्हतं, पण समालोचकाचा आवाज चढला-उतरला की तिला कळायचं. "आउट झाला वाटतं आपला," असं ती मान वर न करता म्हणायची आणि तो झालेला असायचा.

खरी पंचाईत व्हायची ती भारत आणि न्यूझीलंड समोरासमोर आले की. दादाचं डोकं फिरायचं. तो नानांच्याही वरचढ. शहाण्णवला भारत उपांत्य फेरीत हरला तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवला होता.

"आपला देश खेळतोय आत्या, आणि तू त्यांच्या बाजूने?"

"भारताला सगळं गाव हाय," आत्या म्हणायची. "त्यांना इथं कोण हाय?"

दादा पाय आपटत निघून जायचा. त्याच्या पायात बूट असायचे.

त्या शहाण्णव सालीच न्यूझीलंड उपांत्यपूर्व फेरीत गारद झालं होतं. नव्याण्णवला पुन्हा उपांत्य फेरीत पोचलं आणि पुन्हा पाकिस्तानकडूनच हरलं. लागोपाठ तिसरा विश्वचषक गेला. मला त्या दिवशी त्या अकराच्या अकरा जणांचा संताप आला. त्यांना कुणी कळवायला पाहिजे होतं की तुम्ही हरता तेव्हा नाशकात एका बाईच्या पायात काटे जातात. आत्या म्हणाली, "पोरं दमली असतील. घरापासून लांब खेळायचं म्हंजे."

त्याच पावसाळ्यात तिच्या उजव्या पायाला जखम झाली. काटाच होता, नेहमीचा. पण या वेळी भरून येईना. हळद झाली, कोरफड झाली, शेजारणीने सांगितलेला पाला झाला. जखम चिघळली. शेवटी नानांनी तिला मागे बसवून शहरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी सोबत होते. रक्त तपासलं तर साखर निघाली, आणि थोडीथोडकी नाही. किती वर्षांची होती कोण जाणे. पाय बधिर होत गेले होते, म्हणूनच काटे टोचलेले कळत नव्हते. आम्हाला वाटत होतं, नवसाचं बळ आहे.

"चप्पल घालत नाही का या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नवस हाय," नाना म्हणाले आणि भिंतीवरच्या चित्राकडे बघू लागले.

"कशाचा?"

"न्यूझीलंडचा," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मऊ झाला. "तिकडे कुणी असतं का तुमचं?"

"अकरा जण," आत्या म्हणाली.

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आतून नानांचा आवाज येत होता, ते सगळं समजावून सांगत होते. मग डॉक्टरीणबाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या की हा पाय वाचवायचा असेल तर उघडा जमिनीवर ठेवायचा नाही. आज बोट आहे, उद्या घोटा असेल.

घरी येऊन आम्ही सगळे तिच्यामागे लागलो. नाना गुरवाला घरी घेऊन आले. गुरव समजूतदार माणूस. तो म्हणाला, चांदीचं पाऊल करून देवीला वाहा, नवस सुटला म्हणून मी सांगतो. आत्याने त्याला चहा दिला आणि सांगितलं, "पाय बोलले होते मी. चांदी नव्हते बोलले." आईने एक युक्ती काढली. जाड कापडाचे मोजे शिवले. मोजे म्हणजे काही चप्पल नव्हे. आत्याने त्यावर एक रात्र विचार केला आणि सकाळी मान्य केलं. पण मळ्यातल्या ओलीत मोजे भिजायचे आणि जखम आणखी कुजायची. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी उजव्या पायाची करंगळी काढली.

दवाखान्यातून आल्यावर नाना पडवीत खूप मोठ्याने बोलले. तसे ते आत्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. "लय झालं आता! कोण कुठली ती माणसं! त्यांना तुझं नावगाव ठाव नाय! पाय जाईल आक्का, पाय!"

"त्यांना नाय ठाव," आत्या म्हणाली. "मला हाय ना."

मग नाना मळ्यात गेले आणि तिन्हीसांजेपर्यंत आलेच नाहीत. आई त्यांना बोलवायला गेली तेव्हा ते पाटाच्या कडेला बसून रडत होते. हे आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

तेव्हापासून घरात एक गोष्ट न बोलता ठरली. आम्हाला सगळ्यांनाच न्यूझीलंडला कप मिळायला हवा होता, आणि लवकर. नाना फूलबाजारातून येताना पेपर घेत आणि वाटेतच उभे राहून शेवटचं पान वाचत. दादा मित्रांत भारत भारत करायचा आणि घरी येऊन विचारायचा, "यांची पुढची स्पर्धा कधी आहे?"

ती निघाली दोन हजार सालच्या ऑक्टोबरात, आफ्रिकेत. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती, झेंडू भरात होता. विश्वचषक नव्हे, पण सगळे मोठे देश होते आणि जिंकणाऱ्याला चषक होता. नानांनी आत्याला आधीच विचारून घेतलं, "हा चालंल का?"

"सगळे देश हायत ना? मग चालंल."

न्यूझीलंड एकेक फेरी जिंकत अंतिम सामन्याला पोचलं. दुसऱ्या बाजूने तितक्याच जोरात कोण येऊन पोचलं, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भारत.

रविवार होता. मॅच दुपारची, आमच्या सवयीच्या मानाने भलत्याच वेळेची. दादाने दिवाळीचे फटाके आधीच आणून ठेवले होते. ते त्याने पलंगाखाली सरकवले. मग पडवीचं दार लावलं. खिडकीही लावली. आमच्या गावात त्या दिवशी दार लावून बसलेलं घर एवढंच असावं. आत्याला खुर्चीत बसवून तिचा पट्टी बांधलेला पाय आईने पाटावर उशी घालून ठेवला.

भारताची फलंदाजी चालू झाली. चौकार गेला की बाहेर सगळं गाव ओरडायचं आणि आमच्या घरात चिडीचूप. भारताच्या कप्तानाने शतक ठोकलं. असं शतक एरवी नानांनी उभं राहून पाहिलं असतं. त्या दिवशी ते दाढीला हात लावून सुतक असल्यासारखे बसले होते. भारताची विकेट पडली तेव्हा दादा मुठी आवळून "हां!" म्हणाला आणि लगेच खोकला. आपल्या देशाने हरावं म्हणून मनातल्या मनात देवीचा धावा करायचा, आणि समोर खेळणारी ती आपली पोरं. मी तो केला. तिकडे करंगळी नसलेला पाय दिसत होता.

आत्याचे ओठ तेवढे हलत होते. आम्ही समजलो, ती न्यूझीलंडसाठी पुटपुटते आहे.

संध्याकाळकडे न्यूझीलंडचा निम्मा संघ तंबूत परतला आणि धावा निम्म्याच झाल्या होत्या. बाहेर फटाक्यांची एक माळ आधीच वाजली. मग एक दांडगा, उंच गडी खेळू लागला. दादा म्हणाला, याचा गुडघा दुखावलेला आहे, खेळणारच नव्हता म्हणे. तो खरंच लंगडत पळत होता. आत्याचं सगळं लक्ष त्याच्या पायाकडे.

"त्याला कुणी तरी बसवा गं," ती म्हणाली.

तो बसला नाही. तो फटके मारत सुटला. तेव्हा नानांनी हुकूम काढला की आता जो जिथे आहे त्याने तिथून हलायचं नाही, जागा बदलली की विकेट पडते. आई परातीत पीठ मळायला घेऊन आतल्या दारात आली होती, ती तशीच दारात. दादा एका गुडघ्यावर. मी खांबाला टेकून. नाना पाणी प्यायला उठले होते म्हणून तांब्या हातात घेऊन उभे. अशी आम्ही माणसं दिवेलागणीपर्यंत राहिलो. देवापुढे दिवासुद्धा लागला नाही. तो लावायला आईला जागेवरून हलावं लागलं असतं.

शेवटच्या षटकात, चेंडू संपता संपता, ती धाव निघाली. न्यूझीलंड जिंकलं.

नानांनी तांब्या वर उडवला. पाणी टीव्हीवर पडलं. दादाने आरोळी ठोकली आणि आईला परातीसकट उचललं. मी खांबाला मिठी मारली. सगळं गाव मेल्यासारखं गप्प होतं, आणि त्यात आमचंच घर तेवढं बोंबलत होतं.

"अरेरे," आत्या म्हणाली. "गेली की रं मॅच."

आम्ही थांबलो. तिचा चेहरा खरोखर उतरला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं नव्हतं, एवढं आम्हाला कळत होतं.

"आत्या," दादा म्हणाला, "तू कुणाच्या बाजूने होतीस?"

"भारताच्या."

नाना तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. "आक्का, आठ वर्षं..."

"आठ वर्षं राहिले, आणखी दोन राहिले असते. पोरानं फटाके आणलेत." तिने पदराने डोळे पुसले. "दुपारपास्नं बघतेय मी. दारं काय लावता, तोंडं काय पाडता. त्यांना आज सगळं घर होतं. भारताला इथं कोण होतं?"

नाना संतापले. इतके की त्यांना नीट बोलता येईना. दुपारपासून ते एका बाजूने देवीला भिडले होते आणि ही दुसऱ्या बाजूने. "आम्ही काय इथं भजन करत होतो काय! तुझ्या पायासाठी..." एवढंच त्यांना म्हणता आलं. मग त्यांनी तिच्या पट्टीच्या पायावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. आईने देवापाशी दिवा लावला.

दाराआडच्या जुन्या चपला कधीच उंदरांनी कुरतडल्या होत्या. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शहरात गेला आणि मऊ तळाची नवी जोडी घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितली होती तशी. आत्याने ती पायात घातली आणि म्हणाली, आता नवस फेडून येते, चालत जायचं. टेकडी घरापासून फार लांब नव्हती, पण जवळही नव्हती. दादा तोवर झेंडूची दुसरी खेप घेऊन बाजारात गेला होता आणि मोपेड त्याच्याकडे होती. म्हणून नाना, आत्या आणि मी असे निघालो.

चप्पल घालून चालणं ती विसरली होती. पाऊल उचलायची तेव्हा चप्पल मागे राहायची. दोनदा तिने थांबून खाली पाहिलं, पायात कुणाचं काय आलंय असं. देवळाबाहेर तिने चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या. आत गेली. नारळ फोडला, ओटी भरली, देवीशी पुष्कळ वेळ काहीतरी बोलली. बाहेर आलो तर चपला नव्हत्या.

आम्ही देवळाभोवती फेरी मारली. गुरवाला विचारलं. तो म्हणाला, नव्या दिसल्या असतील कुणाला. आत्याला राग आला नाही. उलट जरा मोकळं वाटल्यासारखं दिसलं. ती पायऱ्या उतरायला लागली, सवयीने, अनवाणी.

"थांब," नाना म्हणाले.

त्यांनी आपल्या चपला काढून तिच्या पायांपुढे ठेवल्या. टायरच्या तळाच्या, जड, तिला दोन बोटं मोठ्या. ती नको म्हणाली. ते पुढे चालू लागले. मग तिला त्या घालाव्याच लागल्या.

ऑक्टोबरची दुपार होती, आणि रस्त्यावर त्याच आठवड्यात नवी खडी टाकली होती. नानांनी आयुष्यभर शेती केली, पण पायात काहीतरी घालून. पहिल्या वळणावर ते "आई गं" म्हणाले. मग कडेच्या गवतातून चालू लागले तर तिथे सराटे होते. मग पुन्हा रस्त्यावर आले. एका बाभळीखाली एका पायावर उभे राहून त्यांनी तळव्यातून काहीतरी उपटलं. आत्या मागून त्यांच्या चपलांचा फटक् फटक् आवाज करत येत होती.

घरी पोचल्यावर ते ओट्यावर बसले. पाय मांडीवर घेऊन तळवा पाहिला. मग दुसरा पाहिला. आत्याने आतून तांब्याभर पाणी आणून त्यांच्या पायांवर ओतलं.

"आठ वर्षं, आक्का?" ते म्हणाले.

"साडेआठ," आत्या म्हणाली.

तिचा पाय वाचला. भरून यायला दिवाळी होऊन वर संक्रांत उजाडली, पण वाचला. चपलांचा आम्ही आणखी एक जोड आणला. देवळात जाताना ती त्या पिशवीत घालून आत न्यायला शिकली. न्यूझीलंडचं तिने सोडलं नाही. मात्र पुन्हा कुणी कसल्याही संघासाठी नवस बोलायचा नाही, असा घरात नियम केला, आणि दादाकडे बघून दोनदा सांगितला.

त्या थंडीत न्यूझीलंडची घरची पहिली मॅच लागली तेव्हा मी नेहमीसारखी डोळे चोळत पडवीत आले. काळोख होता, आणि त्यात टीव्हीतलं ऊन सगळ्या पडवीभर पडलं होतं. आत्या अजून उठायची होती. टीव्ही नानांनी लावला होता. तिच्या अंथरुणाशी त्यांनी तिच्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या, आणि स्वतः तोडणीला जायचं सोडून स्कोअर किती झाला ते बघत उभे होते.